तिसऱ्या-चौथ्या रंगाला जुळणी सरकते? क्लॅम्पला हात लावण्याआधी ताव मोजा

पहिले दोन रंग नेटके बसतात. तिसऱ्याला थोडी शंका येते. चौथा, म्हणजे बहुतेक वेळा काळी रेघ, टेबलावर उतरतो आणि कळतं की काहीतरी बिघडलंय. स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे एकेका रंगासाठी वेगळ्या जाळीतून शाई ढकलून, रॉक पोस्टर छापणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलेलं असतं. मी तर वर्षानुवर्षं भोगलं, कारण दर वेळी मी चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत होते. ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते आणि नेमका दोष कुठे आहे हे पाच-दहा मिनिटांत कसं शोधायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मला धडा मिळाला तो एका घुबडाच्या पोस्टरवर. एका बँडच्या कार्यक्रमासाठी चार रंगांचं काम होतं, ४५ बाय ६० सेंटिमीटरचे १२० ताव. पिवळा, नारिंगी आणि निळा एकाच दिवसात छापून रात्री ताव रॅकवर ठेवले. रात्रभर पाऊस पडला. सकाळी काळ्याची स्क्रीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेली जाळी, लावली, शाईचा पहिला हात मारला, फ्रेम उचलली. घुबडाच्या दोन्ही डोळ्यांत पिवळ्या बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढरी कोर दिसत होती. नखाच्या कडेएवढी, पण दिसत होती. मग मी फ्रेम टेबलाला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू फिरवायला बसले. डोळा जुळवला की खालची अक्षरं सुटायची, अक्षरं जुळवली की डोळा. दोन तास गेले, सतरा ताव वाया गेले. शेवटी पट्टी घेऊन कालचा निळा छाप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला, तेव्हा कळलं की काल ६० सेंटिमीटर असलेली लांबी आज जवळजवळ सव्वा मिलिमीटर जास्त भरते आहे. स्क्रीन जागच्या जागी होती. कागद वाढला होता.

म्हणून पहिलं सांगणं हेच: जुळणी गेली की आधी क्लॅम्पला हात लावू नका. आधी बघा, ती कशी गेली आहे.

बाण काढा

पोस्टरच्या चारही कोपऱ्यांत, कापून जाणाऱ्या कडेत, प्रत्येक रंगाची अधिकच्या चिन्हासारखी बारीक खूण हवी. बरेच जण दोनच खुणा ठेवतात, एक वर आणि एक खाली. तेवढ्याने काम भागत नाही. चार ठेवा. मग सरकलेल्या कामातले चार-पाच ताव उचला. ते सलग नकोत, एक सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटचा असे घ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन प्रत्येक कोपऱ्यात बघा की नवा रंग जुन्याच्या कोणत्या बाजूला पडलाय. त्या दिशेने पेन्सिलीने छोटा बाण काढा आणि बाजूला अंतर लिहा.

चारही बाण एकाच दिशेला, सारख्याच लांबीचे आणि सगळ्या तावांवर तसेच असतील, तर नशीब चांगलं आहे. फक्त मांडणी हललेली आहे. स्क्रीन किंवा गाइड, म्हणजे ताव टेकवायची टेबलावरची पट्टी, तेवढं सरकवा आणि पुढे चला.

बाण एखाद्या कोपऱ्याभोवती फिरल्यासारखे दिसले, तर ताव तिरका बसतोय. तीन गाइड असायला हवीत, दोन लांब कडेला आणि एक आखूड कडेला. त्यातलं एखादं सुटलेलं असतं, नाहीतर मधल्या एखाद्या रंगाला ताव उलट्या कोपऱ्यातून लावला गेलेला असतो. कागद गिरणीतून किंवा कटिंगवरून काटकोनात येईलच अशी खात्री धरू नका. पहिल्या रंगाला जो कोपरा गाइडला टेकला, तोच कोपरा शेवटच्या रंगापर्यंत टेकला पाहिजे. मी त्या कोपऱ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीची टिंब टाकते, संपूर्ण गठ्ठ्यावर.

प्रत्येक तावावर बाण वेगळेच असतील, तर दोष ताव लावण्यात आहे. कडा वळलेली असते आणि ती गाइडवर चढते. गाइड कागदापेक्षा पातळ असतं. ताव टेबलाला ओढून धरणारं व्हॅक्यूम कमी पडतं. किंवा शाई इतकी चिकट असते की फ्रेम उचलताना ताव तिच्याबरोबर वर येतो आणि परत पडताना थोडा हलतो. हा शेवटचा प्रकार लक्षात यायला फार वेळ लागतो, कारण आपली नजर स्क्वीजीवर, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीवर, असते. दोन-चार हात मुद्दाम खाली वाकून, टेबलाच्या पातळीवर डोळे ठेवून मारा. ताव उचलला जात असेल तर दिसेल.

सुरुवातीचे ताव ठीक आणि पुढे पुढे हळूहळू सरकत गेले, असं दिसलं तर काहीतरी सैल होतंय. चिकटपट्टीने लावलेलं गाइड ढकललं जातंय, बिजागरीचा स्क्रू सुटतोय, लाकडी फ्रेम सतत ओली होऊन पीळ घेतेय. शाई घट्ट होत गेली की आपण नकळत जोर वाढवतो, हेही धरा.

आणि पाचवा नमुना, ज्याने माझा घात केला. गाइडजवळ चूक शून्य आणि जसजसं दूर जावं तसतशी वाढत जाणारी. हा दिसला की एकच अर्थ: कुठल्यातरी गोष्टीचं माप बदललंय. ती गोष्ट फिल्म (ज्या पारदर्शक शीटवरून स्क्रीन बनते ती) असेल, जाळी असेल किंवा कागद असेल. क्लॅम्पने यातलं काहीच बरं होत नाही.

माप कोणाचं बदललं?

यासाठी तीन तपासण्या आहेत आणि त्या याच क्रमाने कराव्यात.

आधी फिल्मवर फिल्म. सगळ्या रंगांच्या पॉझिटिव्ह, म्हणजे याच फिल्म, लाइट टेबलवर एकावर एक ठेवा. चारही कोपऱ्यांच्या खुणा एकमेकींत बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर शोध इथेच संपला. लेझर प्रिंटरवर काढलेल्या पॉझिटिव्ह इथे वारंवार दगा देतात, कारण टोनर पक्का करणाऱ्या उष्णतेने फिल्म किंवा ट्रेसिंग पेपर आकसतो, आणि प्रत्येक प्रत सारखीच आकसेल असं नाही. इंकजेट फिल्मला हा त्रास बराच कमी. काहीही वापरलं तरी सगळी सेपरेशन, म्हणजे रंगागणिक वेगळ्या फिल्म, एकाच बैठकीत, एकाच रोलवर, प्रिंटरमधून एकाच दिशेने काढा. तीन रंग आज आणि चौथा पुढच्या आठवड्यात, असं करू नका.

फिल्म जुळल्या, तर मग स्क्रीन. टेबलावर पारदर्शक पॉलिएस्टर शीट चिकटवा आणि तिच्यावर थेट एक हात मारा. वाळल्यावर त्या छापावर त्याच रंगाची फिल्म ठेवा. पॉलिएस्टरवर दमट हवेचा परिणाम नगण्य असतो, म्हणून या छापात फरक दिसला तर तो जाळीने केलेला आहे. जाळी ढिली असली की स्क्वीजी तिला आपल्यापुढे ढकलत नेते आणि चित्र ओढीच्या दिशेने ताणलं जातं. ऑफ कॉन्टॅक्ट, म्हणजे कागद आणि जाळी यांतलं अंतर, जास्त ठेवलं तर जाळीला खाली टेकायला अधिक ताणावं लागतं, आणि तिथेही माप वाढतं. पोस्टरच्या कामाला २ ते ३ मिलिमीटर पुरेत. हे अंतर वाढवल्याशिवाय जाळी कागदावरून सुटतच नसेल, तर फ्रेमची जाळी पुन्हा ताणून घ्यायची वेळ झाली आहे.

या जाळीच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक रंगाची स्क्रीन आपापल्या परीने घट्ट असणं पुरेसं नाही, सगळ्या स्क्रीन एकमेकींसारख्या घट्ट हव्यात. एक नवीकोरी, एक दहा कामं केलेली, अशी जोडी जमली की दोघींचं ताणणं वेगळं आणि जुळणी गेलीच. ताण मोजायचं मीटर मिळालं तर सेंटिमीटरला २० न्यूटनच्या खाली असलेली फ्रेम बारीक जुळणीच्या कामातून बाजूला काढा आणि मोकळ्या, सपाट रंगासाठी ठेवा. फ्रेम चित्रापेक्षा ऐसपैस असावी, विशेषतः स्क्वीजी सुरू होते आणि थांबते त्या दोन्ही टोकांना. चित्र फ्रेमच्या कडेला भिडलं की तिथे जाळी कडक लागते, जोर वाढतो आणि माप बिघडतं. शक्यतो सगळे रंग एकाच माणसाने, एकाच कडकपणाच्या रबराने, एकाच दिशेने ओढावेत.

फिल्मही बरोबर, पॉलिएस्टरवरचा छापही बरोबर आणि तावावर मात्र चूक? मग कागद. माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात वेळा उत्तर इथेच निघतं.

कागद जिवंत असतो

कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. घेतला की वाढतो, सोडला की आकसतो. पण चारही बाजूंना सारखा नाही. कागद बनताना त्यातले तंतू बहुतांश एका दिशेने झोपतात, त्याला ग्रेन म्हणतात. ओल्या हवेत तंतू लांबीने फारसा वाढत नाही, जाडीने फुगतो. त्यामुळे ताव ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो आणि ग्रेनच्या दिशेला खूपच कमी. बाणांत लांबीचीच चूक दिसते आणि रुंदी जवळजवळ बिनचूक असते, तेव्हा ही कागदाची सहीच समजा.

माझ्या घुबडाच्या तावांचा ग्रेन ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे आखूड बाजूला समांतर होता. त्यामुळे वाढ पडली ६० सेंटिमीटरच्या बाजूवर. हिशेब साधा आहे: ०.२ टक्के वाढ धरली तरी ६० सेंटिमीटरवर १.२ मिलिमीटर होतात. ग्रेन लांब बाजूला असता, तर तीच वाढ ४५ सेंटिमीटरवर ०.९ मिलिमीटर झाली असती. म्हणून कागद मागवतानाच सांगा की ग्रेन लांब बाजूला हवा. हातात कागद आल्यावर तपासायला ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तिथे घडी ग्रेनला समांतर असते.

नवीन रीम आणली की त्याच दिवशी छापायला घेऊ नका. ज्या खोलीत छापणार त्याच खोलीत, वेष्टण काढून, छोट्या छोट्या थरांत मोकळी करून किमान एक दिवस ठेवा. खोलीत आर्द्रता दाखवणारं यंत्र टांगा. नेमका आकडा किती यापेक्षा तो पहिल्या रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत तोच राहिला का, हे महत्त्वाचं. ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम.

पाण्यात मिसळणाऱ्या शाईने छापत असाल तर आणखी एक बाजू आहे. शाईतलं पाणीही कागदच पितो. पहिल्याच रंगात मोठा सपाट भाग असेल तर ताव लाटेसारखा होतो आणि वाळताना थोडा आकसतो. तापवून सुकवणाऱ्या ड्रायरमधून ताव जाणार असतील, तर कोरे ताव एकदा तसेच, काही न छापता, त्यातून काढा आणि मग खोलीत स्थिरावू द्या. जे आकसायचं ते पहिल्या रंगाच्या आधीच आकसून जाईल. एवढ्या एका सवयीने माझी निम्मी डोकेदुखी गेली.

रंगांचा क्रमही इथेच ठरवा. मोठा, सपाट, भरपूर शाई पिणारा रंग आधी. ज्या दोन रंगांची जुळणी सर्वांत नाजूक आहे, ते लागोपाठ, एकाच दिवसात. रात्र मध्ये येणारच असेल तर पूर्ण वाळलेले ताव सरळ रचून, वर-खाली पुठ्ठा घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. त्या रात्री मी ते उघड्या रॅकवर ठेवले होते. पंखा एकाच बाजूने सोडू नका, अर्धा गठ्ठा वेगळा वाळतो आणि मग प्रत्येक तावाचं माप निराळं होतं.

चित्र काढतानाच जागा ठेवा

जुळणीचा प्रश्न छपाईच्या टेबलावर दिसतो, पण बऱ्याचदा तो चित्र काढतानाच जन्माला येतो. फिका रंग गडद रेघेखाली थोडा सरकवून ठेवा, मोठ्या पोस्टरवर अर्धा मिलिमीटर तरी. दोन रंग कडेला कड लावून ठेवायचे असतील तर ते खरंच तसे हवेत का, हे आधी स्वतःला विचारा.

कधी कधी ते तसेच हवे असतात. पोस्टर चित्रकार व्हिक्टर मॉस्कोसो हा येल विद्यापीठात चित्रकार जोसेफ आल्बर्स यांच्या हाताखाली रंग शिकला आणि १९६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या सायकेडेलिक पोस्टरांत त्याने विरोधी रंग सारख्याच तेजाचे करून शेजारी शेजारी बसवले. लाल आणि निळ्याची सीमा डोळ्यांसमोर थरथरायला लागते. ती पोस्टरं ऑफसेटवर छापलेली होती. तोच परिणाम स्क्रीनवर हवा असेल, तर मध्ये केसाएवढी पांढरी फट आली की थरथर संपते आणि दोन रंगांच्या मधे नुसतं कुंपण उरतं. अशा कामात एक रंग दुसऱ्याखाली घालायचा तर वरची शाई पूर्ण झाकणारी हवी, नाहीतर मध्ये तिसऱ्याच रंगाची पट्टी येते. अशा वेळी वरच्या सगळ्या तपासण्या पहिल्या रंगाच्या आधी करा.

उलट टोकाला १९६८ च्या मे महिन्यातलं पॅरिस. तिथल्या कला विद्यालयात विद्यार्थ्यांनी ताबा घेऊन भिंतींवर लावायची पोस्टरं स्क्रीनने छापली, ती बहुतेक एकाच रंगात. रात्रीत छापून सकाळी रस्त्यावर न्यायची तर जुळणीत घालवायला वेळच नव्हता. तुमचं काम रस्त्यासाठी, घाईचं आणि स्वस्त कागदावरचं असेल, तर रंग कमी करणं हा कमीपणा नाही. ती चांगली मांडणी आहे.

एक वाद नेहमी निघतो, म्हणून लिहिते. सरकलेल्या छपाईला "हाताची गंमत" म्हणून सोडून देणारे आहेत, आणि ते अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचा दाखला देतात. त्याच्या १९६२ च्या मॅरिलिन मन्रोच्या चित्रांत आधी रंगाचे भाग आणि त्यावर स्क्रीनचा काळा छाप आहे, आणि ओठांचा, पापण्यांचा रंग रेघेत बसत नाही, हे खरं. पण तिथे न बसणं हेच चित्र आहे, चेहरा मुखवट्यासारखा सुटा दिसतो तो त्यामुळेच. घुबडाच्या डोळ्याखालची पांढरी कोर मी ठरवलेली नव्हती. बघणाऱ्याला हा फरक कळतो. पोस्टर गॅलरीत चौकटीत लागलं, खाली पेन्सिलीने सही आणि क्रमांक आला, की माणूस वीतभर अंतरावरून बघतो. तिथे ती कोर माझ्या हातून राहून गेलेली गोष्ट म्हणूनच दिसणार.

खळ लावून चिकटवायची असतील तर

भिंतीवर खळीने लावलेल्या पोस्टरचं माप बदलतं, पण सगळे रंग कागदाबरोबर एकत्रच वाढतात, म्हणून रंगांची आपापसांतली जुळणी टिकते. प्रश्न येतो तो अनेक ताव जोडून एक मोठं चित्र करताना. एक ताव खळीत पाच मिनिटं भिजला आणि शेजारचा लगेच चिकटवला, तर दोघांची वाढ वेगळी आणि सांध्यावर रेघ तुटते. प्रत्येक तावाला खळ लावून, घडी घालून, सारखाच वेळ मुरू द्या आणि मगच भिंतीवर चढवा. सगळ्या तावांचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा. सांध्यावर एक-दोन सेंटिमीटर जास्तीचं चित्र छापून ठेवलंत तर जुळवून वर चढवता येतं.

काम अर्ध्यात असताना वाचवायचं कसं

कागद वाढलाय हे कळलं आणि तीन रंग आधीच छापून झालेत. आता तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे थांबणं. खोली कोरडी करा, ताव मोकळे पसरा आणि आधी छापलेल्या रंगाच्या खुणांमधलं अंतर दर तासाने मोजा. बरेचदा माप परत येतं, अगदी पूर्ण नाही तरी कामापुरतं. दुसरी वाट, वेळ असेल तर, उरलेल्या रंगाची फिल्म वाढलेल्या मापाला पुन्हा काढणं. लांबीने १००.२ टक्के, रुंदीने १००, तुमच्या मोजणीप्रमाणे.

तिसरी वाट मी त्या सकाळी वापरली, ती म्हणजे चूक वाटून घेणं. गाइडच्या टोकाला शून्य आणि दूरच्या टोकाला १.२ मिलिमीटर, अशी सगळी चूक एका बाजूला साठली होती. डोळे गाइडपासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे तिथे ०.८ मिलिमीटर. पिवळा मी काळ्याखाली फक्त ०.४ मिलिमीटर घातला होता, म्हणून कोर उघडी पडली. मग ताव अंदाजाने न सरकवता टेबलावर पारदर्शक शीट एका कडेने चिकटवली, तिच्यावर काळा छापला, खाली रंगीत ताव घातला आणि वरच्या काळ्याखाली तो हवा तिथे येईपर्यंत हलवला. ६० सेंटिमीटरच्या बरोबर मध्यावर शून्य येईल असं बघितलं, ताव तिथेच दाबून धरला, शीट उलटून बाजूला केली आणि गाइड नव्याने चिकटवली. आता दोन्ही टोकांना ०.६ मिलिमीटर, पण डोळ्यांपाशी फक्त ०.२, आणि तेवढं काळ्या कड्याखाली सहज झाकलं गेलं. वरच्या कडेला चांदण्यांच्या बाजूला किंचित पांढरं दिसतं, भिंग घेतलं तर.

शून्य मध्यावरच हवं असं नाही. माणूस आधी जिथे बघणार, चेहरा किंवा बँडचं नाव, तिथे ते ठेवा आणि चूक पानांच्या, ढगांच्या, पोताच्या भागाकडे ढकला.

वाया गेलेले ते सतरा ताव मी टाकले नाहीत. पुढच्या कामाची स्क्रीन लावताना पहिले हात त्यांच्यावरच मारते. त्यांतल्या एकावर चारही कोपऱ्यांत बाण आणि आकडे आहेत, आणि तो टेबलाशेजारच्या भिंतीवर टाचणीने लावलेला आहे.